साहेबांचे बूट आणि दयारामभाऊंची सँडल

गडचिरोलीत मे महिन्यात दुपारी एक ते चार ऑफिसात कोणी येत नाही. बाहेर रस्ता तापलेला, आत कूलर घरघरतोय, फाइल उघडली की कागद उडतो. मग काय, गोष्टी निघतात. एकाने एक सांगितली की दुसऱ्याला दुसरी आठवते, आणि चार वाजेपर्यंत काम सोडून सगळं झालेलं असतं. आमच्या ऑफिसात गेली काही वर्षं अशा गोष्टींचा साठा झालाय, पण या उन्हाळ्यातल्या गोष्टी सगळ्या पायांच्याच!

आमच्याकडे जंगलातल्या जमिनींच्या हक्काचे दावे येतात. मी तिथे क्लार्क. माझ्या शेजारच्या टेबलावर दयारामभाऊ, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली. दावा कुठल्या गावचा, नाला कुठून वळतो, हे त्यांना नकाशा न बघता सांगता येतं. त्यांच्या पायात बारा महिने एकच चीज: बाजारातल्या चांभाराकडून बनवून घेतलेली, रुंद पट्ट्याची, टायरच्या तळाची सँडल.

संक्रांतीनंतर नवे साहेब आले, पश्चिम महाराष्ट्रातले. माणूस हुशार, कामाला चोख. पण ओळख करून घेताना चेहऱ्याआधी पाय बघायचे. थंडी होती तोवर निभावलं. मार्चात ऊन चढलं, सगळ्यांच्या पायात सँडल आल्या आणि साहेबांचा तोंडी हुकूम आला: ऑफिसात सँडल, चप्पल चालणार नाही, बूट घाला.

दयारामभाऊंना तर केबिनमध्ये बोलावून सांगितलं. यंदा भाऊंचं प्रमोशन होतं. शेवटची संधी. फक्त साहेबांचा गोपनीय अहवाल चांगला जायला हवा होता. साहेब म्हणाले, "दयाराम, तुमचं काम उत्तम आहे. पण हे पायातलं ऑफिसला शोभत नाही. मला अहवालात लिहावं लागेल."

भाऊ बाहेर आले आणि पाय टेबलाखाली ओढून बसले. मला फार वाईट वाटलं. तीस वर्षं माणसाने जंगल पायाखाली घातलं आणि आता पायावरूनच अडणार!

•

हुकूम आल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही तोडगा काढला. साहेबांना ऑफिसात सँडल नको ना? ठीक. सगळ्यांनी सँडल व्हरांड्यात काढल्या आणि अनवाणी आत जाऊन बसलो. फरशी गार. असं सुख कुठे मिळायचं!

साहेब अकराला आले. व्हरांड्यात वीस-बावीस जोड बघितले आणि तडक केबिनमध्ये गेले. अर्धा तास झाला तरी कोणाला बोलावणं नाही. शेवटी बेल वाजली. आमच्या शिपाई शेवंताबाई आत गेल्या. साहेब शर्ट नीट करून, वही-पेन घेऊन, समोर जादा खुर्च्या मांडून बसलेले. म्हणाले, "मोर्चाच्या लोकांना आत पाठवा. पाच जणांचं शिष्टमंडळ फक्त."

शेवंताबाई म्हणाल्या, "मोर्चा नाई साहेब. आपलाच स्टाफ होय."

•

तोडगा बंद झाला. घरी वहिनींनी भाऊंना धरलं, की दोन वर्षांसाठी हट्ट काऊन करता, घ्या एक जोड. भाऊंनी काळे, लेसवाले, कडक बूट घेतले. पहिल्या दिवशी ते ऑफिसात चालत आले तेव्हा नवरदेवासारखे दिसत होते. बारा वाजेपर्यंत नवरदेवाच्या दोन्ही टाचांना फोड आले. बूट टेबलाखाली गेले.

आणि तेवढ्यात साहेबांनी बोलावलं. भाऊंनी घाईघाईत फाइल उचलली आणि तसेच काळ्या मोज्यांवर आत गेले. साहेबांनी टेबलाच्या पलीकडून खाली नजर टाकली. काळं दिसलं. खूश झाले. "बघा," म्हणाले, "किती फरक पडतो!"

भाऊंनी मान हलवली. तेवढ्यात दार उघडून शेवंताबाई आल्या, दोन्ही हातांत एकेक बूट.

"भाऊ, तुमचे हे राहूनच गेले."

•

शेवंताबाईंवर साहेब रागवत नसत. त्याचं कारण असं की गोंडी त्यांनाच येते आणि एटापल्लीकडचे लोक आले की त्यांच्याशिवाय साहेबांचं पान हलत नाही. बूट घालायचं त्यांनाही एकदा सांगून झालं होतं. त्यांनी विचारलं होतं, की बूट घालून फरशी पुसली तर पुसलेल्यावर ठसे उठतील, ते मग कोण पुसणार? साहेबांनी तो विषय तिथेच सोडला.

एप्रिलात एक म्हातारी आली, दाव्याची तारीख विचारायला. आमच्याकडे गावातून येणारा माणूस चप्पल बाहेर काढूनच साहेबांच्या खोलीत शिरतो. कोणी सांगावं लागत नाही. म्हातारीनेही काढल्या. साहेबांनी तिला खुर्ची दिली, नीट ऐकून घेतलं, तारीख कागदावर लिहून दिली. वागण्यात माणूस खरंच चांगला. पण म्हातारीची नजर सारखी टेबलाखाली. निघताना तिने शेवंताबाईंना हळूच गोंडीत काहीतरी विचारलं.

साहेबांनी विचारलं, काय म्हणतात त्या?

शेवंताबाई जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "ती म्हन्ते, साहेबाच्या पायाले लागलं काय? घरात बूट काऊन नाई काढत?"

त्या दिवशी साहेबांनी संध्याकाळपर्यंत कोणाच्याच पायाकडे बघितलं नाही.

•

आणि आता शेवटची. ही मी स्वतः डोळ्यांनी पाहिलेली आहे, म्हणून मीठमिरची लावत नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही एका गावात जमिनीच्या पाहणीला निघालो. जीपमध्ये पुढे साहेब, मागे मी आणि दयारामभाऊ. त्याच आठवड्यात अहवाल लिहायचे होते, हे आम्हा दोघांनाही माहीत. आणि भाऊंच्या पायात सँडल! टाचांचे फोड फुटले होते, बूट पायात जाईना. साहेबांनी वळून पाहिलं. "आजही?" एवढंच म्हणाले.

गावात मोहाच्या झाडाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. सगळे चपला काढून बसलेले. साहेब सतरंजीच्या कडेला थांबले, क्षणभर बघितलं आणि खाली वाकून लेस सोडायला लागले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बूट काढून, मोजे आत कोंबून साहेब लोकांमध्ये मांडी घालून बसले.

सभा छान झाली. दीड तासाने उठलो तर सगळ्यांच्या चपला जागच्या जागी, साहेबांचा बूट मात्र एकच. दुसरा कुत्र्याने नेला होता! चार माणसं बांबूच्या बेटात शिरली, हाकारे झाले, पण कुत्रं काही सापडलं नाही. गावच्या एका माणसाने उरलेला बूट झटकून साहेबांच्या हातात दिला आणि समजूत काढली, "एक तरी वाचला साहेब."

तेवढ्यात फोन. जिल्ह्याच्या मोठ्या मॅडमनी तीन वाजता तातडीची मीटिंग लावलेली. घरी जायला वेळच नाही. मुरूम तव्यासारखा तापलेला आणि साहेब सतरंजीच्या कडेला अनवाणी उभे.

भाऊंनी सँडल काढून पुढे सरकवली. "घाला साहेब. मले सवय हाय."

साहेबांनी घातली. माप बरोबर बसलं. जीपपर्यंत ते चालत गेले, मागून भाऊ पाय उचलत, फोडांसकट.

मीटिंगला फाइल घेऊन मी साहेबांच्या मागे बसले होते. काळी पँट, इन केलेला पांढरा शर्ट आणि खाली टायरची सँडल. साहेब मांडणी करायला उभे राहिले तशी मॅडमची नजर खाली गेली. सगळ्या हॉलची गेली.

मॅडम म्हणाल्या, "हे काय घातलंय तुम्ही?"

साहेब जागचे हलले नाहीत. "सँडल आहे, मॅडम. आमच्या ऑफिसात उन्हाळ्यात चालते."

"कोणी परवानगी दिली?"

"मी."

पुढे विषय निघाला नाही. मीटिंग पार पडली. मी बाहेर येऊन बघते तर भाऊ जीपमध्ये पाय वर घेऊन बसलेले, मांडीवर साहेबांचा एकटा बूट. आत काय झालं ते सांगितलं तर म्हणाले, "चेष्टा करून राह्यली काय?"

साहेबांनी सँडल काही परत केली नाही. दुसऱ्या दिवशी तीच घालून ऑफिसात आले. तिसऱ्या दिवशीही. भाऊंना मागायचा संकोच. ते आपले टाचेला कापूस लावून, कडक बूट घालून लंगडत येत होते. ऑफिसात बूट घालणारा आता तेवढा एकच माणूस उरला होता.

शुक्रवारी अहवालाची प्रत सहीसाठी आली. भाऊंनी खिसे चाचपले. चष्मा सापडेना, म्हणून मलाच वाचायला सांगितलं. कामाची प्रत: अत्युत्कृष्ट. पदोन्नतीसाठी: पात्र. आणि खाली शेऱ्याच्या जागेत साहेबांच्या सुंदर अक्षरात एक ओळ होती. ती मी दोनदा वाचली.

"पादत्राणे कार्यालयास शोभणारी आहेत. स्वतः घालून खात्री केली आहे."