नळाची कावेरी

बेंगळुरूहून श्रीरंगपट्टणला जाणाऱ्या बसमध्ये मी शेजारच्या मराठी बाईंचा पाण्याचा कॅन पायाने ढकलला. चूक माझीच. दर ब्रेकला तो माझ्यावर सरकायचा, त्या ओढून घ्यायच्या, पुन्हा सरकायचा. माझे बूट भिजले होते.

"अक्का, श्रीरंगपट्टणला कावेरीच आहे ना? मग घरून पाणी कशाला?" मी वैतागून विचारलं.

त्या पदराने झाकण पुसत होत्या. "आमचे हे बेंगळुरूच्या घरी नळाखाली अंघोळ करताना म्हणायचे, आपल्याकडे नळाला कावेरीच येते की. त्यांना नदीवर न्यायचं राहूनच गेलं. आता त्यांच्या नळाचं पाणी तरी तिथं सोडते. स्वल्प सरका."

मी सरकलो. मग वाकून कॅनला हात लावला, तोच कपाळाला लावला आणि म्हणालो, "अक्का, चुकलो."