संडासाची किल्ली

"स्टूल पोछ. फिनाईल मार. बास आती है," शेठाणी म्हणाली आणि जीन्सची एक चिंधी माझ्या अंगावर फेकली.

मशिना थांबल्या. सगळ्या बायका बघत होत्या. मला खोकल्याची उबळ आली आणि लघवी सुटली, एवढंच झालं होतं. गुडघ्यावर बसून मी माझीच लघवी पुसली. स्वतःची किळस आली.

उल्हासनगर कॅम्प दोनमधला जीन्सचा कारखाना. दोन हजार चार-पाचचा काळ. मी अंबरनाथच्या बुवापाड्यातून यायचे. धाकटी झाल्यापासून शिंकलं, गठ्ठा उचलला की लघवी गळायची. सासू म्हणायची, "बाईच्या जातीला होतंच." कारखान्यात संडास होता, पण कुलूपबंद. किल्ली शेठाणीच्या गल्ल्यात. फक्त जेवणाच्या सुट्टीत मिळायची. मधे मागितली की, "तुम लोग गंदा करते हो." आडनाव विचारूनच तिने मला ठेवलं होतं. तुम लोग म्हणजे कोण, ते मला बरोबर कळायचं.

मग आम्ही बायका पाणीच प्यायचो नाही. आत चिंधी घडी करून ठेवायची. नवी कोणी आली की मशीन शिकवायच्या आधी तिला हे शिकवायचो. मांड्या सोलवटायच्या. लघवी पिवळीजर्द, जळजळीत. तरी पाणी नाही. मोठं शहाणपण वाटायचं आम्हाला.

त्या दिवसानंतर सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी विचारलं, "पाणी किती पिता?"

मी ऐटीत सांगितलं, "दुपारपर्यंत थेंब नाही."

त्या चिडल्या. "अहो, त्यानंच वाढतंय. लघवी घट्ट होते, लघवीची पिशवी चिडते. पाणी प्या. दोन-तीन तासांनी जात जा, तुंबवू नका. आणि पोटातला वारा अडवताना जिथे आवळतो तिथे आवळायचं, सोडायचं. रोज. बाळंतपणानंतर लगेच सुरू केलं असतं तर इथवर आलंच नसतं."

कुणी सांगितलंच नव्हतं. बाहेर आले ती संतापून. आता लघवीची किळस वाटेना. किळस आली त्या कुलपाची. आमच्या त्या घाणेरड्या शहाणपणाची.

दुसऱ्या दिवशी बाटली भरून नेली. सगळ्यांसमोर घटाघटा प्याले. लागली तशी उठले, गल्ल्यापाशी गेले.

"किल्ली द्या."

"टाइम नहीं हुआ."

"मला लागलीय."

"तो कल से मत आना."

घरात माझ्या पगारावर चूल होती. तरी हात पुढेच ठेवला. म्हटलं, "किल्ली द्या, नाहीतर इथेच बसते. तुमच्या गल्ल्यासमोर."

तिने किल्ली फेकली. संध्याकाळी कामावरून काढलं.

आता दुसऱ्या कारखान्यात आहे. मशीनवर बसल्या बसल्या आवळते, सोडते. शेजारणीलाही शिकवलंय. गळणं पुष्कळ कमी झालंय, पूर्ण थांबलेलं नाही. पाणी पिते. लागली की उठते. परवानगी मागत नाही, मागणारही नाही. कुणी अडवलं, तर अडवणाऱ्याच्या समोर बसेन.