करवंदीचे ओरखडे

आमच्या शेताची वाट ओढ्यातून जाते, म्हणून जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप शोधत होतो. आधी पाहिलेल्या दोन्ही जीप लख्ख होत्या, पण वाकून पाहिलं तर खाली चासीला ताजा काळा रंग होता. त्या रंगाखाली किती गंज दडलाय, कोण सांगणार?

तिसरी सावंतांच्या अंगणात उभी होती. दारांवर करवंदीच्या जाळीचे ओरखडे आणि चाकांच्या आत वाळलेला तांबडा चिखल.

"धुवायची राहिली हो," सावंत ओशाळून म्हणाले.

मला एकदम हायसं वाटलं. कोणी बघायला येणार म्हटलं की आपणही सगळं झाकून ठेवतो, आणि येणारा नेमकं झाकलेलंच शोधत बसतो. इथे शोधायला काही उरलंच नव्हतं. ही काट्यांतून गेली होती आणि परत आली होती, एवढं उघड दिसत होतं.

आता ती आमच्या दारात असते. परवा शेजारी म्हणाले, "एकदा रंग मारून घ्या."

बायको ओरखड्यांवरून हात फिरवत म्हणाली, "राहू द्या. ते बघूनच तर घेतली."