पिराजीच्या क्रँकवरच्या अक्षता

कसबा बावड्याचा विश्वजित शाहूपुरीतल्या इंजिनकाम करणाऱ्या पिराजीला पहिल्यांदा भेटला, तेव्हा पिराजी असा ओरडला, की समोरच्या दुकानाचं शटर आपणहून खाली आलं आणि दोन गल्ल्या पलीकडच्या म्हशी आटल्या.

"पावणं, इंजिनाचा कणा हाय त्यो! केळीचा घड असल्यागत खांद्यावर काय आणलाय?"

विश्वजितनं क्रँकशाफ्ट तान्ह्या बाळासारखा कवेत घेतला, तेव्हा कुठं पिराजीनं बसायला डबा पुढं केला.

अडचण घरगुती होती. वडिलांच्या माघारी राहिलेली जुनी जीप इतकी थरथरायची, की देवळापर्यंत जाऊन येताना विश्वजितच्या आईचा, अंबूबाईचा, अंबाडा सुटायचा. "दिवाळीच्या पाडव्याला गाडी थरथरली, तर भंगारात," असं तिनं जाहीर केलं होतं. आणि विश्वजित तर त्याच जीपमध्ये वडिलांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायला शिकला होता.

पिराजीनं क्रँक घासला, बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवला. जड भरेल त्या बाजूला बारीक भोक पाडून चिमूटभर लोखंड काढलं. पुन्हा फिरवला, पुन्हा चिमूट. जन्मात तोलून करायचा ते एवढंच. त्याच्या बोलण्याला, रागाला आणि बायकोशी भांडण्याला माप नव्हतं.

काम झालं आणि खंडेनवमी आली. हत्यारांच्या पूजेत पिराजीनं कौतुकानं हा क्रँकच मधोमध मांडला. त्याच्या बायकोनं, बायडाबाईनं, हळदकुंकू वाहिलं आणि वर मूठभर अक्षता टाकल्या.

दसऱ्याला विश्वजित क्रँक न्यायला आला, तर पिराजी पालथा पडून तेलाच्या भोकाला एक डोळा लावलेला. क्रँकच्या आत तेल खेळतं ते याच भोकांतून. एक तांदूळ अडकला, की तेल अडणार आणि इंजिन जाम.

"अगं, इंजिन काय बोहल्यावर उभं हाय?"

"देवापुढं तुमीच मांडलंसा. अक्षता न्हाय तर काय ग्रीस टाकू?"

विश्वजित चाचरत म्हणाला, "ऱ्हाऊ दे की. एखादा दाणा…"

"आईला बसवणार हाईस न्हवं त्यात? मग बस गप!"

तार, ब्रश, डिझेल आणि हवेचा झोत. शेवटचा दाणा उडाला तो विश्वजितच्या कपाळाला चिकटला.

"लागली अक्षत," बायडाबाई म्हणाली. "आता काय काळजी न्हाय."

इंजिन जोडून झालं आणि पाडव्याला अंबूबाई चहाचा भरला कप घेऊन जीपमध्ये पुढं बसली. सगळा चहा पिऊन झाला, थेंब सांडला नाही.

"आता तरी सुरू कर की," ती वैतागली.

"सुरूच हाय, आई!"

बघायला आलेला पिराजी आनंदानं असा गरजला, की अख्खी गल्ली जीपभोवती गोळा झाली. अंबूबाईनं बॉनेटवर हात ठेवला, जमलेल्यांकडं पाहिलं आणि म्हणाली, "भंगारात न्हाय घालायची. आता गिऱ्हाईक मिळंल की हिला."

तुळशीच्या लग्नाआधी नेसरीच्या एका माणसानं जीप विकत घेतली. विश्वजितकडं आता स्कूटर आहे.