आजोबांची नजर

पक्षाघातानंतर तुमच्या आजोबांना बोलता येत नव्हतं, हातपायही हलत नव्हते. त्यांना काही समजतं का, हेच आम्हाला कळेना. एके दिवशी डॉक्टरीणबाई बिबवेवाडीला घरी आल्या आणि त्यांनी आजोबांना चष्म्यासारखं यंत्र घातलं. आजोबांची नजर जिथे जाई, तिथे डॉक्टरीणबाईंच्या पडद्यावर दिसणाऱ्या खोलीच्या चित्रात हिरवा ठिपका दिसे.

“आजोबा, खिडकीकडे बघा,” त्या म्हणाल्या. ठिपका जागचा हलला नाही.

“परक्यांचं ते लगेच ऐकत नाहीत,” मी म्हटलं आणि रोजच्या आवाजात विचारलं, “अहो, चहा टाकू का?”

ठिपका सावकाश स्वयंपाकघराच्या दाराकडे गेला.

भेटायला येणाऱ्यांशी आजोबांच्या उशाशी बसून त्यांच्या आजाराविषयी बोलणं मी त्या दिवसापासून बंद केलं.