धुरीच्या आडोशाला

बिडी पेटवायला मला माझ्या मायनंच शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, तिचे हात कधी रिकामे नसायचे. आमचं गाव देगलूरच्या पलीकडं, तेलंगणाच्या हद्दीला टेकलेलं. तिथल्या निम्म्या बाया मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळायच्या. मायला तलफ आली की ती मान वर न करता म्हणायची, "चुलीवरून पेटवून आण गं." आता नुसती निखाऱ्याला लावून बिडी पेटत नाही, एक झुरका ओढावाच लागतो. मी आठ-नऊ वर्षांची असेन. लग्नाला उभी राहिले तोवर दिवसाला पाच-सहावर गेले होते. आमच्या आळीत त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. सकाळी दोन झुरके मारल्याशिवाय पोट साफ होत नाही, हे तिथल्या प्रत्येक बाईला पाठ होतं.

सासर उदगीरचं. नवरा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात कामाला, घरात सासूबाई. त्या स्वतः सकाळ-संध्याकाळ ओसरीवर बसून दाताला मिश्री लावायच्या. भाजलेल्या तंबाखूची ती पूड बोटावर घेऊन तासभर घासायच्या, पण ते दात घासणं, त्याला व्यसन म्हणायचं नाही. बिडी ओढणारी बाई मात्र त्यांच्या लेखी वाया गेलेली. बैठकीतच त्यांनी मायला तोंडावर विचारलं होतं, "पोरगी बिड्या नुसत्या वळती का वढती बी?"

"नुसत्या वळती," माय म्हणाली. आमच्या खोट्याची सुरुवात तिथून झाली.

मग मी न्हाणीघरात ओढायला लागले. झरोक्याला तोंड लावून धूर बाहेर सोडायचा, वर लवंग चघळायची. दिवस गेले तरी सुटली नाही. सोडायला बघितलंच नाही असं नाही. दोन दिवस सोडली की डोकं ठणकायचं, मी भांडी आपटायचे, आणि नवऱ्याला वाटायचं हिचे डोहाळेच असे. सरकारी दवाखान्याच्या आशाताई गरोदरपणाचं कार्ड भरायला घरी आल्या, त्यांनी तंबाखू-बिडीचं विचारलं. सासूबाई शेजारीच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी "न्हाई" म्हणाले आणि आशाताईंनी तसं लिहून घेतलं.

सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आले. तिथं लपवाछपवी नव्हती. माय स्वतःच जेवण झालं की एक बिडी पुढं करायची. मी एकदा भीत भीत विचारलं, पोटातल्याला काही होत नाही ना. ती म्हणाली, "तुम्हा तिघांच्या टायमाला मी वढतच व्हते. काय झालं तुमाला? उलट लेकरू बारीक ऱ्हातंय, मोकळं व्हायला सोपं जातंय." मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी ते ऐकलं.

नवव्या महिन्यात नांदेडला सोनोग्राफी केली. बाळ वाढत नाही, पाणी कमी आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "तंबाखू, मिश्री, बिडी, काही घेता का?" मी तोंड उघडायच्या आत माय बोलली, "न्हाई हो बाई. वासानं बी मळमळतंय तिला." मी खाली फरशीकडं बघत बसले. डॉक्टरीणबाईंनी खाण्यापिण्याचं विचारलं, रक्त तपासलं, गोळ्या बदलल्या. जे होतं ते सोडून बाकी सगळं शोधून झालं.

मुलगी झाली. पावणेदोन किलोची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकात नळी घातली. माझ्या करंगळीएवढा तिचा दंड. मी त्या काचेला हात लावून शपथ घेतली की आता बिडीला शिवणार नाही, आणि आठव्या दिवशी दवाखान्याच्या मागच्या भिंतीशी जाऊन ओढली. लिहितानासुद्धा माझी मला लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

घरी आल्यावर बाळंतिणीची खोली. दार बंद, खिडकीला गोधडी. दोन वेळा बाजेखाली शेगडी यायची आणि तिच्यावर ओवा, शेपा, लसणाची सालं पडायची. ही धुरी घेतली की बाळंतिणीच्या अंगात वारं शिरत नाही म्हणतात. खोलीत इतका धूर की समोरची भिंत दिसायची नाही. माय आता बाळाजवळ ओढू नको म्हणायची, पण त्या धुरात माझ्या बिडीचा धूर कुणाला वेगळा कळणार? मी बाजेच्या नवारीत बिड्या खोचून ठेवायचे आणि धुरीची वाट बघायचे. लेक माझ्या कुशीतच असायची. एवढ्या धुरात आणखी एका बिडीनं काय होणार, असं मी स्वतःला समजवायचे.

महिना झाला तेव्हा सासूबाई आणि नवरा नातीला बघायला आले. नेमकं त्याच दिवशी सकाळपासून लेक अंगावर पीत नव्हती. दुपारी मी तिचं झबलं वर केलं तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. ओठ निळसर. माहेरच्या गावातल्या आशाताईंना बोलावलं. त्यांनी आधी दार-खिडकी सताड उघडली आणि म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता नांदेडला न्या.

गावातल्या एकाची जीप मिळाली. पुढं नवरा, मागं माय, सासूबाई आणि मी, माझ्या मांडीवर लेक. रस्ता संपता संपेना. मी तिच्या छातीवरून नजर काढत नव्हते. एक श्वास झाला की पुढचा येतो की नाही, एवढंच डोक्यात. नायगावला रेल्वे फाटकावर लागावी तशी गाड्यांची गर्दी लागली, ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला, आणि तेवढ्यात माय माझ्या कानाशी पुटपुटली, "तू गप बसायचंस. काय बोलायचं ते मी बोलीन."

दवाखान्यात लेकीला आत नेलं, ऑक्सिजन लावला. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले. "घरात धूर करता? बिडी कोण ओढतं?"

"मीच वढते साहेब," माय म्हणाली. "धुरी बी मीच देत व्हते."

सासूबाई मायकडं वळल्या. आवाज चढला नाही त्यांचा, चढला असता तर बरं झालं असतं. "ईनबाई, ह्याच्या फुडं माझ्या नातीला हात लावायचा न्हाई तुमी." मायनं मान हलवली. ती खोटं बोलली नव्हती, ती ओढतच होती, पण त्या खोलीत कधीच नाही. ती ओसरीवर ओढायची. मला ते माहीत होतं, आणि मी पदरात तोंड घालून रडत राहिले. सगळ्यांना वाटलं, लेकीसाठी रडतेय.

लेक वाचली. दवाखान्यातूनच आम्हाला उदगीरला आणलं.

पुढच्या अडीच वर्षांत माय तीनदा आली. ओसरीच्या कडेला बसायची, आणलेला खाऊ जमिनीवर ठेवायची, नातीला लांबून हाक मारायची. लेक धावत तिच्याकडं निघाली की सासूबाई तिला उचलून आत न्यायच्या. मायनं बिडी त्याच महिन्यात सोडली होती, वळायचंसुद्धा बंद केलं होतं, ते सांगूनही काही फरक पडला नाही. आणि मी? चार महिने सोडली, मग पुन्हा न्हाणीघर. मला माझा एवढा राग कधीच आला नव्हता, आणि राग आला की मला बिडीच लागायची.

यंदा पुन्हा दिवस गेले. पहिलं बाळ कमी वजनाचं, म्हणून नवऱ्यानं लातूरच्या मोठ्या दवाखान्यात नाव घातलं. सासूबाई सोबत. डॉक्टरीणबाईंनी जुने कागद चाळले. "पहिल्या मुलीला श्वासाचा त्रास कशानं झाला होता?"

"हिच्या मायच्या बिडीनं," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या. मी त्यांच्या पेनकडं बघत होते. पोटात पाचवा महिना, सकाळीच एक ओढून आलेली, आणि या खेपेला माझ्या आधी बोलायला माय तिथं नव्हती. मला वाटलं आत्ता बोलले तर घर जाईल. नाही बोलले तर काय जाईल ते मी एकदा जीपमध्ये बघितलं होतं.

"मायच्या न्हाई," मी म्हणाले. "माझ्या. तवाबी मीच वढत व्हते. आताबी वढते."

पेन थांबलं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, "किती?" मी सांगितलं, दोन, कधी तीन. त्या रागावल्या नाहीत. कशी सोडायची, तलफ आली की काय करायचं, दर आठवड्याला कुणाला भेटायचं, सगळं समजावून सांगितलं. मला निम्मंच ऐकू आलं. सासूबाई माझ्याकडं बघतच नव्हत्या.

लातूर ते उदगीर एसटीत त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या. मी मनातल्या मनात माझे कपडे पिशवीत भरले, लेकीचे भरले. घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या मायला फोन लाव. आवाज मोठा कर."

मी लावला. सासूबाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं, "ईनबाई, बिडी तुमची का लेकीची?"

"माझीच की," माय लगेच म्हणाली. "का? काय म्हणती ती? तिचं काय ऐकताव, मला वाचवायला बोलत आसंल."

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. म्हणाल्या, "ईनबाई, तिनं डाक्टरापुढं सगळं सांगितलंय. आता पुरं करा. उद्याच्या गाडीनं या, नात तुमच्या मांडीवर देते."

मायनं हळूच विचारलं, "म्हंजे अजून वढती ती? पोटुशी आसून?"

सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला. "तूच सांग," त्या म्हणाल्या.