नानाचं तळणयंत्र

१९८८, दसरा, दुपारचे चार. नौपाड्यातल्या नानाच्या दोन खोल्या. उपस्थित: नाना आणि मी. वहिनी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती. तिला उपस्थितांत धरलं नाही. विषय: घरगुती वापरासाठी मोठ्या क्षमतेचं तळणयंत्र शोधणे.

ही नोंद नानाने मला लिहायला लावली. नाना माझा थोरला भाऊ. एका कारखान्याच्या वीजविभागात पर्यवेक्षक होता, आणि घरात साखर संपली तरी बैठक बोलवायचा. मला याद्या करायची खोड, त्यामुळे चिटणीस कायमची मीच. "कमे, लिहून घे. बोललेल्याची वाफ होते," असं तो म्हणायचा, आणि मग तासभर वाफ सोडत बसायचा.

त्या दिवशीचं कारण मात्र खरं होतं. वहिनी भाजणीच्या चकल्यांच्या ऑर्डरी घ्यायची. त्या वर्षी डोंबिवलीच्या एका पतपेढीने तिला दिवाळीसाठी चाळीस किलो चकल्या सांगितल्या होत्या. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळत होतं, आणि ते नीट पार पडलं तर दरवर्षी मिळणार होतं. नेमका तिचा उजवा खांदा धरला. हात वर करून केस विंचरता येईनात. ऑर्डर परत करावी लागणार, असं ती दोनदा म्हणाली.

नानाने निदान करायला मिनिटही घेतलं नाही. कढईत एका वेळी आठच चकल्या मावतात, म्हणून तासन् तास तळत उभं राहावं लागतं, म्हणून खांदा जातो. कढईच्या जागी मोठं यंत्र आलं की खांदा मोकळा. मला ते पटलं. मी लगेच वहीत रकाने आखले: दुकान, लिटर, वॅट, गॅरंटी.

आम्ही सहा दुकानं पालथी घातली. 'फ्रायर' हा शब्द नाना तोंडातून काढायचा नाही, आणि 'तळणयंत्र' दुकानदारांना कळायचं नाही, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी पहिली दहा मिनिटं भाषांतरात जात. ठाण्यात स्टेशनजवळच्या दुकानदाराने पांढऱ्या प्लास्टिकचं एक नाजूक यंत्र पुढे ठेवलं. नानाने झाकण उघडून आत पाहिलं.

"यात काय तळायचं? वेलदोडे?"

"काका, घरात माणसं किती?"

"दोन."

"मग भरपूर झालं की."

"मला माणसं नाही तळायची."

कल्याणला चार लिटरचं मिळत होतं. "एवढ्या तेलात आमच्याकडे समया लावतात," असं त्या बिचाऱ्याला सुनावून नाना बाहेर पडला. त्याला यंत्रापेक्षा दुकानदाराला खाली पाहायला लावण्यात जास्त गोडी होती, असं मला तेव्हाच वाटलं होतं. पण रकाने भरत होते, त्यामुळे मी खूश होते.

शेवटी आंबिवलीला बंद पडणाऱ्या एका हॉटेलात सापडलं. स्टीलचं, दोन जाळ्यांचं, अठरा लिटरचं. वहीत मी 'अठरा'खाली दोन रेघा ओढल्या. टेम्पोत पुढे नाना, मागे दोरखंडाने बांधलेलं ते धूड, अशी मिरवणूक नौपाड्यात आली. जिन्यात चार शेजाऱ्यांनी हात लावला.

वहिनीने पदराला हात पुसत एकच विचारलं, "यात तेल किती घालायचं?"

नानाने पत्र्यावरची पट्टी वाचली. आत जी तारेची वेटोळी होती ती बुडायला अठरा लिटर तेल लागणार होतं. तिची कढई अडीच लिटरात भागायची, आणि तेलासाठी रेशनच्या रांगेत तीच उभी राहायची. आम्ही दोघं इतके दिवस अठरा लिटर म्हणजे चकल्यांची जागा समजून चाललो होतो.

"आधी पाण्यावर चाचणी घेऊ," नाना म्हणाला. त्याने बादल्या ओतल्या आणि बटण दाबलं. सगळ्या मजल्याचे पंखे थांबले. तीस वर्षं विजेत काढलेल्या माणसाने फ्यूज उडवला होता. समोरचे जोशी दारात आले. "नाना, चकल्या तळताय की आम्हाला?"

जोशी गेल्यावर वहिनी उंबऱ्यात बसली.

"अहो, तळण्याने खांदा कशाला जाईल? झारा काय, डाव्या हातानेही फिरतो. सोऱ्या दाबून गेलाय खांदा." चकल्या पाडायचा तिचा लाकडी साचा होता, घट्ट पीठ, वरून अंगाचा भार टाकावा लागायचा. मग ती माझ्याकडे वळली. "वन्सं, तुम्ही तरी विचारायचंत."

माझ्याकडे सहा दुकानांचे वॅट होते. 'खांदा कशाने दुखतो' हा रकानाच नव्हता.

नानाने मला काही लिहून घ्यायला सांगितलं नाही. मनगटावरचं घड्याळ काढलं, हात धुतले आणि सोऱ्या मागितला. त्याची पहिली चकली पाहून वहिनी म्हणाली, "ही चकली आहे की वायरचं भेंडोळं?" दुसऱ्या दिवशी ती हसली नाही, म्हणजे जमत होतं. तो दाबायचा, ती जुन्याच कढईत डाव्या हाताने तळायची. चाळीस किलो वेळेवर पोचले. पतपेढीने पुढच्या वर्षीही सांगितले.

नानाला शहाणपण आलं म्हणावं, तर तेही नाही. आल्यागेल्याला तो चकल्या आपल्याच म्हणून वाढू लागला. "दाब सारखा हवा. दाब तुटला की काटा मोडतो. तळणं काय, कुणीही करतं." वहिनी शेजारीच बसलेली असायची. पण सात दिवाळ्या त्याने सोऱ्या दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही, आणि तिचा खांदा दोन वर्षांतच बरा झाला होता. ते तिने फक्त मला सांगितलं होतं.

नाना गेला त्या दिवाळीला वहिनीने ऑर्डर परत केली. पतपेढीला तिने कळवलं, खांदा दुखतो.

तळणयंत्र गॅलरीत आहे. गेल्या महिन्यात बाळकुमच्या एका केटररने त्याची चौकशी केली. त्याला खरंच हवंय, आणि ते तिथे पडून गंजतंय. तेव्हापासून मी चार वेळा नौपाड्यात जाऊन आले. वहिनीने चहा केला, आम्ही गॅलरीतच बसलो, मी परत निघाले. तिला विचारायचं राहिलंय.